जवसाच्या सुताची लाईन

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी जवस भाजत होते. कढई उतरवायचं भान राहिलं नाही, सगळे जवस जळून गेले... दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, आमच्या बेला गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायचा. त्याला सव्वा महिना झाला.

एकेका इंग्रजी शब्दाचं कूळ खणायचं त्याला भारी वेड. त्यात 'लाईन' लाडकी. आगगाडीची लाईन, रेशनच्या दुकानापुढची लाईन, बेल्लमपल्लीच्या खाणकामगारांच्या खोल्या, त्याही लाईनच. "या साऱ्याइची माय कोन, सांग बरं?" मला विचारायचा आणि स्वतःच सांगून टाकायचा, "जवस! जवसाच्या वाखाचं सूत ताणून सरळ रेघ मारत लोक. त्या सुताचं नाव लाईन." मी म्हणायची, "आमी तं जवसाची चटनीच करतो बापा." हसता हसता त्याला ठसका लागायचा.

निजामाचं राज्य गेलं तेव्हा आम्ही एकाच जिल्ह्यात होतो. मला राजुऱ्याला दिलेलं. पुढे भाषेवर राज्यं वाटली. राजुरा इकडे महाराष्ट्रात आलं, बेला तिकडे आंध्रात राहिलं. मास्तर लोकांना विचारलं, कोणत्या राज्यात जाता? मी हट्ट धरला, "दादा, दरखास्त दे, इकडं ये."

"काऊन देऊ? मराठी गाव हाय आपलं. आज ना उद्या बेलाच तिकडं येते. राज्याची लाईन बी सूतच ना, बाई? सूत सरकते."

शिकलासवरला माणूस, पण वेडाच! एका शब्दाच्या भरवशावर बसून राहिला. सोबतचे मास्तर निघून गेले, मुदत उलटली, मराठीचे वर्ग ओस पडत गेले. याचं आपलं चालूच, "सरकंल, सरकंल." भाऊबीजेला ओवाळताना मी मुद्दाम डिवचायची, "सरकली का रे?" पुढे पुढे विचारणंच सोडलं. त्याचं तोंड एवढंसं व्हायचं, मला पाहवत नसे. फार राग यायचा मला त्याचा. अजून येतो.

मागच्या आठवड्यात त्याच्या शाळेत शोकसभा झाली. दादाचा नातू बोलायला उभा राहिला. नाक दादाचंच, हात मागे बांधायची ढबही तीच. आजोबांबद्दल तो पुष्कळ वेळ बोलला, सगळं तेलुगूत. मला एक अक्षर कळलं नाही... बाया डोळ्यांना पदर लावू लागल्या, तेव्हा मीही लावला.