सासऱ्यांचा पडदा

कोऱ्या सुती कापडाच्या खळीचा वास आला की मला सक्करदऱ्यातलं आमचं घर आठवतं. सत्तरच्या सुमारास आम्ही ते नव्या पद्धतीनं बांधलं होतं: सपाट छत, नुसत्या पांढऱ्या भिंती आणि बैठकीत जमिनीपासून छतापर्यंत काचेची खिडकी. खाप्याला हातमागावर आयुष्य काढलेले माझे सासरे घर पाहायला आले. खिडकीपुढे बराच वेळ उभे राहून म्हणाले, "बाई, सारी सडक घरात पाहून राहिली वं." मला रागच आला. यांना नव्या घरातलं काय कळणार, असं वाटलं. त्यांनी वितीनं खिडकी मोजली आणि संध्याकाळच्या बसनं परत गेले. दोन महिन्यांनी आले ते गाठोडं घेऊनच. त्यात त्यांनी स्वतः विणलेला, बिनरंगी, विरळ पोताचा पडदा होता. "दाट नाही विणला. तुले उजेड आवडते ना," ते म्हणाले. पडदा लावला तशी सडक दिसेनाशी झाली आणि सायीसारखं मऊ ऊन खोलीभर पसरलं. त्या घराचं कौतुक पुढे पुष्कळांनी केलं; पण मला त्यात कसं राहायचंय, हे ओळखलं ते त्यांनीच, हे आज कळतं.