ओंजळ पुढं कर

"ओंजळ पुढं कर," छोटे मालक म्हणाले.

अंगावरचा घाम वाळला नव्हता. घाटंजीच्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात पांढरकवड्याच्या संघाला आम्ही नुकतंच हरवलं होतं. बास्केटबॉलमध्ये. जिंकलं की जिनिंगच्या मालकांची, शेटजींची, एक रीत होती. चांदीचा पेला गुलाबाच्या सरबतानं भरायचा. संघातल्या प्रत्येकानं त्याला तोंड लावून घोट घ्यायचा अन् शेजारच्याला द्यायचा. पेला तोंडातोंडी फिरत आला. माझ्याआधी छोटे मालक, शेटजींचा पुतण्या, आमचा कप्तान. त्यांनी घोट घेतला. मी हात पुढे केले. पेला वर गेला. धार खाली आली.

मी प्यालो. वाकून. मला वाकायला तसा वेळच लागतो, उंचीच तेवढी. आई म्हणायची, दरवाजे माणसांसाठी असतात, बाभळीसाठी नाही. कपाळावरचं टेंगूळ हीच माझी ओळखखूण. सरबत कोपरापर्यंत ओघळलं. माशा आल्या. लोक टाळ्या वाजवत होते.

मी मूळचा टोपलंवाला. कापसाचं टोपलं डोक्यावर आणायचं अन् गंजीवर उंच भिरकावायचं. शेटजींनी नागपुरात हा खेळ पाहिला अन् त्यांना नाद लागला. कापूस वाळवायच्या पटांगणात खांब रोवून वर पिंपाची कडी ठोकली. एकदा चेंडू माझ्या पायाशी आला. मी उभ्या जागेवरून फेकला. कडीतून आरपार. शेटजींनी माझं टोपलं उतरवलं. "आजपासून तू खेळाचं. पगार चालू."

पगार घेऊन खेळणारा आमच्या भागातला पहिला माणूस बहुधा मीच. पहिल्या दिवशी चेंडू काखेत घेऊन कोंबडीचोरासारखा पळत सुटलो. "अबे, आपटत जा!" सगळे ओरडले. आईला तर पटेचना. "आमी जलमभर टोपलं वाह्यलं, अन् तुले टोपल्यात चेंडू टाकाचे पैसे भेटते?"

हसलो आम्ही तेव्हा.

पण तो चेंडू बघा. माझ्या घामानं भिजलेला तो चेंडू छोटे मालक छातीशी धरायचे. "दे, दे, मले दे!" ओरडायचे. माझ्या अंगावर पडायचे, माझ्याच हाताला धरून उठायचे. चेंडू बाटत नव्हता. घाम बाटत नव्हता. शिट्टी वाजेपर्यंत मी संघातला. शिट्टी वाजली की जातीतला.

त्या दिवशी घरी गेलो. आई भाकरी थापत होती.

"हात कायनं चिकटले?"

सांगितलं. तिचा हात परातीत थांबला. त्याच दसऱ्याला आम्ही सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो होतो. घरातले देव तिनंच नदीत सोडले होते.

"देव सोडले नदीत," ती म्हणाली. "अन् हे कायले ठेवलं?" माझ्या दोन्ही तळव्यांवर तिनं पिठाच्या हातानं फटका मारला.

पुढच्या हिवाळ्यात तोच सामना. पुन्हा आम्ही जिंकलो. शेवटची टोपली माझी. पेला फिरत आला.

"ओंजळ पुढं कर."

मी हात पाठीमागे बांधले. "पेला द्या."

"येडा झाला का बे? पी मुकाट्यानं."

"चेंडू चालते मालक, पेला काहून चालत नाही?"

त्यांनी पेला कलता केला. सरबत मातीत पडलं. माझ्या बुटांवर उडालं. टाळ्या बंद. खुर्चीवरून शेटजी म्हणाले, "उद्यापासून टोपलं घ्याचं."

बूट जिनिंगचे होते. तिथंच काढले. नीट जोडीनं त्यांच्या खुर्चीसमोर ठेवले. "टोपलंबी नाही घेत," म्हटलं, अन् अनवाणी निघालो. फाटकाची आडवी दांडी कपाळाला लागली. बंडखोरी करतानाही मला वाकायचं भान राहिलं नाही, एवढं मात्र बरं झालं.

मग रोजानं वखरलं, दगड फोडले. वर्षानं छोटे मालक सायकल मारत आमच्या वस्तीत आले. संघ हरत होता. "चाल. पगार वाढवून देतो."

आईनं गिलासभर पाणी आणून त्यांच्यासमोर धरलं. ओठ सुकले होते त्यांचे. पाण्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"तहान नाही," म्हणाले.

"मंग मलेबी खेळ नाही," म्हटलं.

सायकल गेली. गिलासातलं पाणी मीच प्यालो. तोंड लावून.

आता वस्तीतल्या पिंपळाला कडी मीच ठोकली आहे. पोरं खेळतात. घरची लेकरं विचारतात, बाबा, तुम्ही कोणता करंडक आणला? दाखवायला टेंगूळ आहे फक्त. पण आमच्या पोरांना कुणी सामन्याला बोलावलं, की मी निरोप्याला आधी विचारतो, "पाणी कशात देणार?" उत्तर आलं नाही तर आम्ही येत नाही. लोक म्हणतात, म्हातारा चळला. पोरांची संधी घालवतो.

घालवतो. ओंजळीतली संधी घालवतोच. पेला हातात ठेवा, मग चेंडू मागा.