खालून येणारं ‘मोकळं’

आमच्या भागात झाडाची फांदी छपरावर झुकली की लोक म्हणत, वरच्याला आणि खालच्याला बोलवा. दोघं सख्खे भाऊ. वरचा म्हणजे धाकटा, तो झाडावर चढायचा. खालचा म्हणजे थोरला, तो जमिनीवर उभा राहून दोर सांभाळायचा. दोघंही माझ्या वर्गात शिकले, चार वर्षांच्या अंतराने. थोरल्याच्या तोंडून उत्तर काढणं म्हणजे विहिरीतून घागर ओढण्यासारखं होतं. धाकट्याचं तोंड मात्र कधी बंद नसे.

त्यांच्या कामाची एक रीत होती. फांदी कापण्याआधी तिला दोर बांधायचा, त्याचे वेढे खाली बुंध्याला द्यायचे, म्हणजे कापलेली फांदी धाडकन न पडता हळूहळू उतरते. हे सगळं झालं की वरचा विचारायचा, "खाली?" खालचा चारी बाजूंना बघायचा, कोणी आसपास असेल तर त्याला बाजूला घालवायचा, स्वतः लांब सरकायचा आणि मग म्हणायचा, "मोकळं." हा शब्द आल्याशिवाय करवत फांदीला लागायची नाही. करवत पेट्रोलवरची, कानठळ्या बसवणारी, म्हणून धाकट्याच्या हेल्मेटला कानांवर दाबून बसणाऱ्या दोन वाट्या होत्या. विचारताना तो डावी वाटी उचलायचा, उत्तर ऐकायचा, वाटी परत बसवायचा आणि कापायला लागायचा.

बावीस वर्षं त्याने असं कापलं. थोरल्याचा ‘मोकळं’ कधी चुकला नाही. एकदा त्याने धाकट्याला चांगली दहा मिनिटं वर लटकत ठेवलं होतं, कारण खाली पाल्यात एक मांजर येऊन बसली होती.

"हलली का?" वरून विचारणा झाली.

"विचार करतेय," खालून उत्तर गेलं.

गेल्या वर्षी एका सकाळी थोरला बुटाची नाडी बांधायला वाकला, तो पुन्हा उठलाच नाही. झाडाचा त्यात काही दोष नव्हता. कोपऱ्यावरचा सायकलवाला धाकट्याला म्हणाला, "काय रे, खालचा वर गेला आणि वरचा खालीच राहिला." त्याचं मन वाईट नव्हतं, जीभ तेवढी सैल. धाकटाही हसला. घरी गेला, दोर खुंटीला अडकवले आणि दोन महिने त्यांना हात लावला नाही.

मग एका सकाळी थोरल्याची बायको दाराशी येऊन उभी राहिली. पायात नवऱ्याचे बूट, आत दोन जोड मोजे.

"भाऊजी, शाळेच्या मागच्या निलगिऱ्यांचं काम तुम्ही घेतलंत म्हणे."

"घेतलं होतं. नाही म्हणून कळवणार आहे."

"कशाला? दोर धरायला मी आहे की."

तिला हे काम नवीन नव्हतं. करवतीच्या साखळीला धार लावायचं काम लग्नानंतरच्या वर्षापासून तिच्याकडेच होतं. स्वयंपाकघराच्या टेबलावर साखळी ताणून गोल कानशीने ती प्रत्येक दात मोजून चार वेळा घासायची. चढायचा दोर रोज सकाळी वीतभर वीतभर करत बोटांतून सोडायची. कुठे तो मऊ लागला, कुठे चपटा झाला, हे तिला डोळे मिटून कळायचं. धाकट्याने मान डोलावली. दोन मुलींचं घर होतं तिचं, आणि दुसऱ्या कुणाच्या हाताखाली राबायची तिची तयारी नव्हती.

पहिल्याच कामावर एका मुकादमाने तिला विचारलं, "ताई, घरात पुरुषमाणूस नाही का कोणी?"

"आहे ना," ती म्हणाली. "तो काय, वर टांगलाय."

चार महिने काम सुरळीत चाललं. तिचा ‘मोकळं’ वेगळा होता, पातळ आणि झटकन येणारा. थोरल्याचा खर्जात सुरू व्हायचा, शेवटचं अक्षर थोडं लांबायचं, आणि त्यामागे बहुतेक वेळा एक खोकला यायचा.

पाचव्या महिन्यात दवाखान्याच्या आवारात एक वाळलेली फांदी उतरवायची होती. धाकट्याने विचारलं, "खाली?" उत्तर आलं, त्याने करवत लावली. फांदी सुटली आणि खाली किंकाळी उठली. दोर पुरता ताणला जायच्या आत फांदीचं टोक जमिनीला टेकलं होतं. त्याखाली पालापाचोळा ओढायच्या पंज्याचे दोन तुकडे झाले होते. तो पंजा उचलायला वहिनी वाकलेल्या होत्या. त्यांच्या खांद्यापासून फांदी हातभर अंतरावर पडली.

तो घाईघाईने खाली उतरला. वहिनींचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज खणखणीत होता.

"मी कुठे म्हटलं मोकळं?"

"म्हणालात की."

"भाऊजी, मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं."

धाकट्याने हेल्मेट काढायला हात वर नेला आणि तो तसाच थांबला. दोन्ही वाट्या कानांवर घट्ट बसलेल्या होत्या. घाईत त्याने डावी वाटी उचललीच नव्हती. खालून कोणी कितीही ओरडलं असतं तरी त्याला ऐकू गेलं नसतं. आणि तरी त्याने स्पष्ट ऐकलं होतं, खर्जातलं, शेवटी लांबलेलं. त्यामागचा खोकलासुद्धा.

त्याने कोणाला काही सांगितलं नाही. कानाच्या डॉक्टरकडे मात्र जाऊन आला. डॉक्टरने यंत्र लावलं, शिट्ट्या ऐकवल्या आणि सांगितलं, "तुमचे कान माझ्यापेक्षा बरे आहेत." हे ऐकून माणूस खूश होतो. हा घाबरून घरी आला.

त्यानंतर तो चढला दोनदाच. दोन्ही वेळा त्याने विचारायच्या आतच उत्तर आलं. एकदा खाली रखवालदार उभा होता, एकदा वहिनीच. त्याने दोन्ही वेळा कापलं नाही. खांदा दुखतो असं सांगून काम थांबवलं. मी त्याला रस्त्यात भेटलो तेव्हा तो उजवा खांदा चोळत होता. आदल्या आठवड्यात डावा दुखत होता. लहानपणीही त्याला खोटं नीट बोलता यायचं नाही.

वहिनींना तर माझ्या आधीच कळलं असणार. त्या साखळीचा डबा घेऊन त्याच्या घरी गेल्या, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "धार लावून तीन आठवडे झाले. गंज चढतोय. काय ते खरं सांगा. माझ्यासोबत काम नको असेल तर तसं म्हणा, मी दुसरं बघते."

"तसं नाही, वहिनी."

"मग?"

तो टेबलाच्या कडेवरून नख फिरवू लागला. मग म्हणाला, "दादा ‘मोकळं’ म्हणतो."

वहिनी खुर्ची ओढून समोर बसल्या.

"नेहमी म्हणतो. खाली माणूस असला तरी म्हणतो. जिवंत असताना एकदा चुकला नाही हो तो. आणि माझा हात आहे ना, तो त्याच्या शब्दावर चालतो. मी ठरवून थांबत नाही, ठरवून कापत नाही. त्याचा शब्द आला की हात चालतो. दवाखान्यात तुम्ही खाली होतात. पुढच्या वेळी हातभर अंतर राहीलच असं नाही."

वहिनींनी डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं.

"खोकतात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला एकदाही ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही. घरात मी एकटी बसते, मुद्दाम रेडिओ लावत नाही." त्यांनी पदराने डोळे टिपले. "आधीही सगळं बोलणं तुमच्याशीच. मला नुसतं ‘हं’."

धाकट्याला वाटलं, माफी मागावी. पण कशाची?

मग वहिनीच म्हणाल्या, "बोलता येतं त्यांना. दोर ओढता येतो का?"

त्या दुपारी दोघांनी टेबलावर बसून नवी रीत ठरवली. करवत, पाण्याची बाटली वर पोचवायला एक बारीक दोरी असतेच. तिचं एक टोक धाकट्याच्या पट्ट्याला, तेही कच्च्या सुतळीने, म्हणजे फांदीत अडकून जोर आला तर सुतळी तुटावी, माणूस खेचला जाऊ नये. दुसरं टोक फांदी पडण्याच्या जागेपासून लांब, रोवलेल्या खुंटाशी. ओढायचं तर त्या खुंटाजवळ जाऊनच ओढावं लागेल. दोन झटके म्हणजे मोकळं. तोंडाने कोणी काहीही म्हणो, दोन झटक्यांशिवाय करवत लागणार नाही.

पहिलं झाड शाळेमागचंच होतं, उरलेली शेवटची निलगिरी. पानांचा एवढा गच्च पडदा की वरून जमीन दिसत नव्हती. त्याने दोर बांधला, डावी वाटी उचलली आणि सवयीने विचारलं, "खाली?"

"मोकळं," दादा म्हणाला.

दोरी ढिली होती.

त्याचं बोट करवतीच्या खटक्यावर होतं. ते काढून घ्यायला, त्याने मला सांगितलं, त्याला डाव्या हाताची मदत घ्यावी लागली.

"मोकळं," पुन्हा आलं, जरा चिडून. थोरला खराच असा चिडायचा, धाकटा वर वेळ काढत बसला की. मग खोकला.

"दादा, थांब," धाकटा मोठ्याने म्हणाला. इतक्या दिवसांत तो आवाजाशी पहिल्यांदाच बोलला. वाऱ्याने फांदी हलली, तिच्याबरोबर तोही हलला. दोरी तशीच लोंबत होती. त्याला वाटलं, आपण भावाचा शब्द खोटा पाडतोय, तेही तो आपली बाजू मांडू शकत नसताना. त्याला रडू आलं. चाळीस फुटांवर, पट्ट्यात बसून, तो रडत थांबला.

पोटाशी दोन झटके बसले.

त्याने वाटी खाली ओढली आणि कापलं. फांदी दोरावर झुलत उतरली.

तो खाली आला तेव्हा वहिनी वेढे सोडत होत्या. मागच्या फाटकातून एक म्हातारा सायकल घेऊन आत शिरला होता आणि वीस वर्षांची वाट आहे म्हणून हटायला तयार नव्हता. त्याला बाहेर काढण्यात वेळ गेला होता.

"आले होते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काय म्हणाले?"

"मोकळं."

वहिनी जराशा हसल्या. "आणि इथे मी त्या आजोबांशी भांडत होते." मग त्यांनी दोराची गुंडाळी खांद्यावर टाकली. "पुन्हा आले तर सांगा त्यांना, खाली आता मी असते."

धाकटा परत चढला. त्याने तो निरोप सांगितला, अगदी शब्दाला शब्द. संध्याकाळपर्यंत अकरा फांद्या उतरल्या. नऊ वेळा आवाज दोरीच्या आधी आला.