लिहा, तलाव

रंगभूमी सोडल्यावर मी गळ टाकायला शिकले. गुडघ्यांना मानवेल आणि संवाद पाठ करावे लागणार नाहीत, असा तेवढा एकच उद्योग मला सापडला. गळ टाकायचा तर परवाना लागतो. परवाना म्हणजे मत्स्य कार्यालयाची चौथी खिडकी, आणि चौथी खिडकी म्हणजे परवानेकाका. त्यांचं खरं नाव आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. खिडकीवरची पाटी त्यांच्या आधीच्या कारकुनाची होती आणि ती बदलून मागायला काकांना संकोच वाटे.

एकतीस वर्षं ते तिथे बसत आले होते. चष्मा कपाळावर, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मोठमोठ्या नटांना रंगमंचावर येताना मी विंगेतून पाहिलंय, पण काका ज्या तोलाने कागदावर शिक्का टेकवत, तसा तोल फार थोड्यांना साधला.

अर्जात सातवा रकाना होता, 'मासेमारीचा विभाग'. पर्याय चार: तलाव, खालची नदी, वरची नदी, खाडी. आता गळ टाकणारा माणूस एक वेळ बायकोला खरा पगार सांगेल, पण मासा कुठे लागतो ते सख्ख्या भावालाही सांगणार नाही. कुणी विचारूही नये, असा आमच्यातला रिवाज. काका तो पाळत. ते पेन उचलून नुसते थांबत आणि समोरचा म्हणे, "लिहा, तलाव." मीही तेच म्हणाले होते.

"बाई," काका म्हणाले, "चाळीस वर्षं नाटकं केलीत ना? मग जरा बरं खोटं बोला." आणि त्यांनी तलाव लिहिला.

तलावात मासे नव्हतेच. मासे होते साठ किलोमीटरवर, वरच्या नदीत, कारण तिथे मत्स्यबीज केंद्र होतं. काकांची थोरली बहीण तिथे सव्वीस वर्षं राबत होती. अंडी उबवायची, पिल्लं बोटभर झाली की नदीत सोडायची. आम्ही फुशारकीने घरी आणलेला प्रत्येक मासा लहानपणी ताईंच्या हाताखालून गेलेला.

एका सकाळी ताईंचा फोन कार्यालयात आला.

"तुमच्या मुख्यालयाचा कागद आलाय. वर्षअखेरीला केंद्र बंद."

"का म्हणून?"

"इथे कोणी मासे धरतच नाही म्हणे. शंभरातली चार माणसं. तू रोज अर्ज भरतोस ना रे? मग ही एवढी माणसं काठावर काय ऊन खायला येतात?"

काकांनी कपाटातून जुनं परिपत्रक काढलं. परवान्यांचं उत्पन्न मुख्यालयात जमा होतं आणि खर्च वजा जाता उरलेलं चार विभागांत वाटतात, हे त्यांना माहीत होतं. कोणत्या हिशेबाने वाटतात, हे त्यांनी एकतीस वर्षांत विचारलं नव्हतं. हिशेब सातव्या रकान्याचा होता. शंभरातले एकाहत्तर रुपये तलावाला जात. तिथे फरसबंदी झाली, कठडे झाले, गेल्या वर्षी रंगीत कारंजंही झालं. वरच्या नदीला चार रुपये. आजवर मुख्यालय वरून भर घालत होतं, ती भर यंदापासून थांबली होती.

परवाने नवे करून घेण्याचा महिना दोन दिवसांवर आला होता. पुढचं वाटप याच अर्जांवरून ठरणार होतं. काकांनी रिवाज मोडायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी रांगेत सर्वांत पुढे बेकरीवाला होता.

"सातव्या रकान्यात खरं सांगा," काका म्हणाले.

"तलाव."

"तुमच्या बुटांना पांढरी रेती आहे. तलावाला फरशी आहे."

"पुतण्याचे बूट आहेत."

"मग पुतण्याचा विभाग सांगा."

"काका, तुम्हाला सांगितलं की गावाला कळलं."

"मी वळण विचारत नाही, दगड विचारत नाही. नुसती नदी विचारतोय. नाही सांगितलंत तर माझ्या बहिणीचं केंद्र बंद होईल आणि दोन वर्षांनी पुतण्या नुसते बूट घालून उभा राहील."

बेकरीवाला खिडकीत तोंड घालून काहीतरी पुटपुटला. काकांना लिहिताना मोठ्याने म्हणायची खोड. "वरची नदी," ते म्हणाले.

सगळ्या रांगेने ते ऐकलं. मागे दातांचा डॉक्टर उभा होता. वीस वर्षांचे दोस्त हे. दर रविवारी दोघेही तलावावर जात, पण वेगवेगळ्या वेळी.

"वरची?" डॉक्टर म्हणाला. "कधीपासून?"

"तू कुठे जातोस ते सांग आधी."

डॉक्टरने त्याच्याकडे न बघता काकांना सांगितलं, "तेच लिहा."

"हलकट," बेकरीवाला म्हणाला, आणि ते लाडाने नव्हतं.

तिसरी मी. माझं ऐकून दोघांनीही माझ्याकडे अशी नजर टाकली की तशी पडलेल्या नाटकाच्या रात्रीही प्रेक्षकांनी टाकली नव्हती. त्या महिन्यात बरीच दोस्ती तुटली. काहीजण अर्ज न भरताच परत गेले. एक पेन्शनर मात्र शपथेवर तलावच सांगत राहिले. चौकशीअंती कळलं की ते खरंच तलावावर जात होते, अकरा वर्षं, एकही मासा न लागता.

महिना संपल्यावर काकांनी मुख्यालयाला पत्र लिहिलं, की आधीच्या वर्षांचा सातवा रकाना खोटा आहे आणि तो खोटा आहे हे लिहिणाऱ्याला माहीत होतं. साहेबांनी पत्र परत घ्यायला सांगितलं. "दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. कशाला घोंगडं गळ्यात घेता?"

"माझ्याच अक्षरातलं आहे साहेब. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालू?"

वार्षिक वेतनवाढ थांबली. वाटपाचा कागदही आला. वरच्या नदीला शंभरातले सेहेचाळीस. केंद्र राहिलं.

तोवर काकांनी ताईंना फोनवर सगळं सांगून टाकलं होतं.

"एकतीस वर्षं तुला ठाऊक होतं?" ताईंनी विचारलं.

"खोटं आहे हे ठाऊक होतं. त्याने काय होतं, ते नव्हतं ठाऊक."

"आणि मी इथे गळकी टाकी मेणाने बुजवत बसले होते." त्यांनी फोन ठेवला. मग दोन महिने उचलला नाही.

पिल्लं सोडायच्या दिवशी काका न बोलावताच पहिल्या बसने गेले. मीही गेले होते. काठावर आमचे बरेच गळवाले दिसले, एकमेकांकडे पाठ करून, सहज फिरायला आल्यासारखे. ताई टाकीपाशी उभ्या होत्या. भावाला पाहून त्यांनी हात पुसले, पण जवळ आल्या नाहीत. पाण्याने आणि पिल्लांनी भरलेले तीस कॅन ओळीने मांडलेले होते, आणि तिथून नदीपर्यंत चांगला उतार होता.

"माणसं लावलीयेत का न्यायला?" काकांनी विचारलं.

"लावली होती. तुला बसमधून उतरताना बघितलं आणि परत पाठवली," ताई म्हणाल्या. "सावकाश ने. हिंदकळलं की मरतात."

काकांनी चष्मा खिशात ठेवला आणि पहिला कॅन उचलला.