गोड होईपर्यंत

माझ्या थोरल्या जावेने लूपिनच्या दाण्यांत मध घालायला कधीही, कोणालाही सांगितलेलं नाही. हे आधी ऐकून घ्या, मग बाकीचं ऐका. गावातल्या निम्म्या लोकांनी बाकीचं आधी ऐकलं आणि हे ऐकायला त्यांना सवडच झाली नाही.

जाऊ माझी कनेला. वय एक्याऐंशी, उंचीने माझ्या खांद्याला लागते, आणि आवाज असा की तिने दारातून हाक मारली तर खाली बंदरावर जाळी विणणारे वर बघतात. मी लग्न होऊन या समुद्राकाठच्या मानी मुलखातल्या दगडी घरात आले तेव्हा मला धड अंडं उकडता येत नव्हतं. सगळं हिने शिकवलं, आणि शिकवलं म्हणजे काय, ओरडून ओरडून शिकवलं. "चण्यात मीठ शेवटी घाल गं, आधी घातलंस तर सालं चावत बसावी लागतील." "रानभाजी उकडलेलं पाणी ओतून देतेस? डोकं फिरलंय का तुझं? लिंबू पिळ आणि पी ते." "तेल विस्तव बंद केल्यावर. वरून. कच्चं. आणि हात आखडू नकोस."

मीच कशाला, अख्खं गाव तिच्याकडे यायचं. डॉक्टरने साखर वाढली म्हणून सांगितलं की माणूस दवाखान्यातून थेट आमच्या अंगणात. बाळंतीण जेवत नाही, म्हाताऱ्याचे दात गेलेत, मुलगी भाजीला तोंड लावत नाही, सगळ्यांना हिच्याकडे काहीतरी असायचंच. माप मात्र विचारायचं नाही. पीठ किती? "घेईल तितकं." किती वेळ शिजवू? "शिजेपर्यंत." मी सुरुवातीला रडायचे. मग हळूहळू हातालाच कळायला लागलं.

गेल्या पानगळीत शहरातल्या कसल्याशा मंडळाची मारिलेना नावाची पोरगी आली. गोड बोलणारी, हसरी, नखं रंगवलेली. आजीबाईंच्या हातचं पौष्टिक जेवण, असं काहीतरी पुस्तक काढणार होते म्हणे. कनेलाने चांगला रुमाल डोक्याला बांधला आणि तीन दुपारी बोलत बसली. पोरीने मोबाइल टेबलावर ठेवून सगळं भरून घेतलं. कॉफी मीच करत होते, त्यामुळे शब्द न् शब्द माझ्या कानावर पडलाय.

लूपिनचं तिने असं सांगितलं. "उकड. मग पोत्यात भर, दोरी बांध आणि समुद्रात सोड. पाच दिवस, सहा दिवस, पाणी जसं हलेल तसं. रोज एक दाणा काढून चाखायचा. गोड होईपर्यंत सोडायचं नाही."

आता लूपिन काय चीज आहे ते आमच्या खडकांवर वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. वालाएवढा चपटा दाणा, पण आत जहर. ते जहर पाण्यात उतरेपर्यंत दाणा कडू लागतो. कडवटपणा गेला की आम्ही म्हणतो, गोड झाला. त्यात साखरेचा काय संबंध? विहिरीच्या पाण्याला आपण गोडं पाणी म्हणतो, त्यात कोणी साखर ओतून ठेवलेली असते का?

पण मारिलेनाबाई मान डोलावत म्हणाल्या, "किती छान, आजी!"

पुस्तक ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या तोंडावर आलं. गुळगुळीत कागद, कनेलाचा रंगीत फोटो. ज्याने त्याने फोटो पाहिला, "वा वा, कनेला, नटी झालीस की!" म्हटलं आणि पुस्तक कपाटावर ठेवून दिलं. लूपिनचं पान वाचणार कोण? घरोघरी बायकांना येतंच ते.

वाचलं फक्त स्तामातिसने. हा पलीकडच्या गल्लीतला विधुर. बायको होती तोवर आयतं ताटात पडायचं, आणि ती गेल्यावर बिचारा पुस्तकात बघून एकेक पदार्थ शिकत होता. घरात लूपिनची पिशवी पडलेली, उपासाचे दिवस, म्हणून पुस्तकाबरहुकूम त्याने केलं. रात्री भिजवले, सकाळी मध घातला, वाडगाभर खाल्ले. दुपारी त्याच्या घशाला कोरड पडली, डोळ्यांपुढचं सगळं धूसर झालं आणि अंगणातच तो कोसळला. शेजाऱ्यांनी गाडीत घालून शहरातल्या इस्पितळात नेला म्हणून वाचला. चार दिवस होता तिथे.

तो परत यायच्या आत गावाने निकाल लावून टाकला होता. कनेलाच्या लूपिनने माणूस मरता मरता वाचला!

तिचा मुलगा निकितास तसाच धावत आला. आईला काही न विचारताच त्याने कपाटावरून पुस्तक काढलं आणि मोठ्याने वाचलं. "लूपिन उकडून रात्रभर भिजवावेत. गोड होण्यासाठी दोन चमचे मध घालावा."

कनेला म्हणाली, "मी असं सांगितलं?"

"छापलंय, आई. खाली नाव तुझं आहे."

"अरे, मी समोर होते," मी म्हटलं. "मधाचं नावसुद्धा तिच्या तोंडी आलं नाही."

"काकू, तुम्ही मध्ये पडू नका. तिचं वय झालंय. होतं विसरायला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या हातांनी याला वाढवलं त्या हातांवर याचा विश्वास नाही, आणि गुळगुळीत कागदावर आहे! त्याने मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला, तर तेही तेच. आजींनी सांगितलं तसंच छापलंय, या वयात असं होतं, आम्ही समजू शकतो. समजू शकतात! मग सूनबाईंनी ठरवलं की दर उपासाला चर्चच्या अंगणात गावासाठी आपल्या घरून लूपिनचं घमेलं जातं, ते यंदा जायचं नाही, आणि सासूने चुलीपाशी एकटीने जायचं नाही. एक्याऐंशी वर्षांच्या बाईला स्वतःच्या स्वयंपाकघरात राखण!

कनेला भांडेल असं मला वाटलं होतं. ती भांडली नाही. दुसऱ्या दिवशी मी गेले तर थंड चुलीसमोर बसलेली. म्हणाली, "लिगेरी, सांगितलं असेन मी. परवा गोळी घेतली की नाही तेही आठवेना." हे तिने इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

मी तशीच उठले आणि सकाळची बस पकडली.

मंडळाच्या कचेरीत अध्यक्षही होते आणि ती पोरगीही. मी बसले नाही. म्हटलं, "मोबाइलमधलं काढ. ऐकव."

"अहो बाई, एवढं मनाला काय लावून घेता?" अध्यक्ष म्हणाले.

"माणूस इस्पितळात गेला, माझी जाऊ अंथरुणाला खिळायची राहिलीय, आणि मी मनाला लावून घेऊ नको? ऐकव गं!"

पोरीने शोधून लावलं. कनेलाचा आवाज त्या कचेरीत असा दणाणला की शेजारच्या खोलीतला कारकून डोकावला. पाच दिवस, सहा दिवस. रोज एक दाणा चाखायचा. गोड होईपर्यंत सोडायचं नाही.

आणि पोरीचा चेहरा उजळला! "बघा, आजी गोडच म्हणतायत!"

कपाळ माझं! तिला तो पुरावा वाटला. गोड म्हटलं म्हणजे मध, एवढंच तिला माहीत. "आणि पाच दिवसांची एक रात्र कशी झाली?" मी विचारलं, तर म्हणते, "हल्ली एवढा वेळ कोणाला असतो, म्हणून सोपं केलं."

"सोपं केलंस? अगं बये, दाणा कडू लागला तर माणूस थुंकून टाकतो आणि वाचतो. तेवढाच त्याला इशारा असतो. तू त्यावर मध ओतलास. स्तामातिसने वाडगा संपवला तो तुझ्या मधामुळे. आणि वर म्हणता, म्हातारी विसरली!"

तेव्हा कुठे तिला कळलं. तोंड पांढरं पडलं आणि खुर्चीत बसून रडायला लागली. अध्यक्ष म्हणाले, पुस्तकात दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवू. मी म्हटलं, चिठ्ठी तुमच्या कपाळाला चिकटवा.

पोरगी मात्र आली, एवढं मी तिच्या बाजूने बोलेन. रविवारी चर्चच्या अंगणात सगळ्या गावासमोर तिने ते रेकॉर्डिंग वाजवलं आणि म्हणाली, चूक माझी, आजींची नाही. मग काय, जो तो पुढे. "मला तर वाटलंच होतं!" "कनेला आणि असं सांगेल?" खोटारडे मेले! आठवडाभर तिच्या दारासमोरून मान खाली घालून जात होते. निकितासने आईचा हात धरला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. स्तामातिस काठी टेकत आला आणि म्हणाला, यंदाचं घमेलं कधी येणार?

तुम्ही म्हणाल, मग झालं की सगळं नीट. मलाही तसंच वाटलं.

कनेलाने लूपिन उकडले, पोतं बांधलं, आम्ही दोघींनी ते समुद्रात सोडलं. सहाव्या दिवशी तिने एक दाणा चाखला आणि पोतं तसंच पाण्यात राहू दिलं. सातव्या दिवशीही तेच, आठव्याही तेच. पुढच्या सकाळी खडकावर बसून तिने एक चावला, मग दुसरा, मग तिसरा. शेवटी तळहातावर एक दाणा ठेवून माझ्यापुढे हात केला.

"तू बघ गं. मला कळत नाहीये."

मी चावला. गोड होता. "गोड आहे, कनेला. अगदी गोड," मी म्हटलं. तिने मान हलवली, पोत्याचं तोंड पुन्हा घट्ट बांधलं आणि दोरी हळूहळू पाण्यात सोडली.

"राहू दे अजून एक दिवस," ती म्हणाली. तो नववा दिवस होता.