हॉल बचाव समिती आणि माझं अक्षर

माझगावात आमच्या गल्लीला अजून गाव म्हणतात. शेती नाही, विहीर कधीच बुजवली, गुरं म्हणाल तर चार मांजरी. तरी पत्ता विचारणाऱ्याला आम्ही 'गावात शिरा आणि क्रूसापाशी थांबा' असंच सांगतो. त्या क्रूसासमोर चर्चचा जुना कौलारू हॉल होता आणि त्याच्या पाठीला पाठ लावून आमची चाळ. नाव चर्चचं असलं तरी हॉल सगळ्यांचा होता. बाप्तिस्म्याच्या पार्ट्या तिथे, हाऊजीचा आकड्यांचा खेळ तिथे, आणि मे महिन्यात आमच्यासारख्या कोकणातल्या घरांची लग्नाची रिसेप्शनंही तिथेच. माझंही तिथेच झालं. वेफर, बटाटेवडा आणि आईस्क्रीमची वडी. आठवलं की मला भरून येतं. बायको म्हणते, पंखे बंद होते आणि तिच्या तोंडावरची पावडर ओघळून शालूवर आली होती.

मग चर्चने मागच्या अंगाला एसी हॉल बांधला आणि जुना बंद पडला. त्याची जागा मुळात आमच्या गल्लीतल्या फिटर अंकलच्या आजोबांची होती, वापरायला दिलेली. ती चर्चने अंकलला परत केली. अंकल गोदीत फिटर होते. हॉलचे दिवे, कौलं, दाराच्या बिजागऱ्या सगळं तेच बघायचे. बंद हॉलच्या मागच्या भागात आमच्या गणपती मंडळाचे बांबू ठेवायला त्यांनीच सांगितलं, आपण होऊन. पुढे त्यांची राहती इमारत धोकादायक ठरली आणि अंकल-आंटी वसईला मुलाकडे गेले. चौथा मजला, लिफ्ट नाही. जाताना हॉलची चावी माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुझ्याकडे राहू दे. मंडळाला लागली तर काढून दे." मी ती दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि वर कॅलेंडर लावलं.

तीनेक वर्षांनी, गणपती होऊन गेल्यावर, आंटी एकट्याच आल्या. अंकलना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. बोलत होते, काठीने चारदोन पावलं टाकत होते. डॉक्टरांचं म्हणणं, तळमजल्यावर ठेवा, रोज बाहेर चालवा, पाय परत येतील. बसून राहिले तर जातील.

"चौथ्या मजल्यावरून उतरवायला दोन माणसं लागतात रे," आंटी म्हणाल्या. "रोज कुठून आणू? म्हणून हॉल पाडून दोन खोल्यांचं बैठं घर बांधतोय. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात परवानगीला कागद टाकलेत." मग त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं. "ह्यात नकाशा आहे. अंकलने स्वतः बसून काढलाय. चाळीत सगळ्यांना दाखव, म्हणजे कोणाच्या मनात काही नको."

मी म्हटलं, दाखवतो की. चहा दिला, बस स्टॉपपर्यंत सोडून आलो आणि पाकीट कॅलेंडरच्या मागे खोचलं. उघडलं नाही. आत काय असणार ते मला माहीत होतं, असं मला वाटलं. आयुष्यभर आवक-जावक विभागात काढलेल्या माणसाला पाकीट न उघडता मजकूर कळतो, हा आमच्या खात्यातला जुना आजार आहे.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की हॉल पाडणार. दहा वर्षांत ज्यांनी त्या हॉलकडे मान वळवून पाहिलं नव्हतं, त्यांना एकाच संध्याकाळी त्याच्याविषयी भावना उत्पन्न झाल्या. कोणाचं लग्न तिथे जमलेलं, कोणाचं तिथेच मोडलेलं. एक गृहस्थ आमच्या चाळीत राहायला आले तेव्हा हॉल आधीच बंद होता. त्यांचं बालपण तिथे गेल्याचं त्यांनी सांगितलं. मंडळाच्या अध्यक्षांनी बांबूंचा प्रश्न काढला. बांबू जाणार कुठे? खरा प्रश्न तेवढाच होता, पण त्याच्यासाठी समिती काढणं बरं दिसलं नसतं. म्हणून हॉल बचाव समिती निघाली. अध्यक्ष मला म्हणाले, "अर्ज तुम्हीच लिहायचा. तुमच्यासारखं अक्षर आणि तुमच्यासारखी भाषा वॉर्डात कोणाची नाही." एवढं पुरलं मला. मी सेक्रेटरी झालो.

सभेला जागा हवी होती. चाळीच्या गॅलरीत लोक मावणार नव्हते, एसी हॉल चर्चकडे मागायचा तर कारण सांगावं लागलं असतं. तेव्हा जुन्या हॉलमध्येच घेऊ असं ठरलं आणि मी घरी जाऊन खिळ्यावरची चावी काढली. बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, ज्यांचा हॉल त्यांच्याच चावीने उघडून त्यांच्याच विरुद्ध सभा?"

"विरुद्ध नाही," मी म्हटलं. "वास्तूच्या बाजूने."

सभा गाजली. कबुतरांनी विष्ठेचा गादीसारखा थर घातलेला, त्यामुळे हॉल हा आपला श्वास आहे असं सांगणाऱ्या वक्त्याने नाकाला रुमाल धरला होता. ठराव वाचायला मी उभा राहिलो, 'सर्वानुमते' या शब्दापर्यंत आलो आणि वरून एक कौल सुटून माझ्यापासून हातभर अंतरावर फुटलं. हॉल एका झटक्यात रिकामा झाला. उरलेला ठराव आम्ही बाहेर क्रूसापाशी उभं राहून मंजूर केला. आत परत जायला कोणी तयार नव्हतं, पण हॉल तसाच राहिला पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत होतं.

अर्ज मी हाताने लिहिला. टाईप केलेल्या अर्जाकडे साहेब बघत नाहीत, शाईच्या अक्षराला वजन पडतं. 'सदर वास्तूशी स्थानिक रहिवाशांच्या भावना निगडित असून' अशी सुरुवात केली आणि दोन पानं एकही खाडाखोड न करता उतरवली. त्रेसष्ट सह्या झाल्या. कोणीही वाचून बघितलं नाही. 'तुम्ही लिहिलंय ना, बस्स' म्हणत सगळ्यांनी सही ठोकली. मला त्याचा अभिमान वाटला. सही केली नाही ती फक्त माझ्या बायकोने. ती म्हणाली, पावडर ओघळलेली मला आठवते.

परवानगी थांबली. हरकत आली आहे, चौकशी होईल, तोवर काम नाही.

दिवाळीनंतर आंटींचा फोन आला. "कोणीतरी हरकत घेतलीये म्हणे रे. तुझी ऑफिसात ओळख आहे, जरा बघशील कोण ते?" मी म्हटलं, बघतो. याहून नीच शब्द मी आयुष्यात उच्चारला नसेन. मग त्यांनी फोन अंकलना दिला. अंकल खुशीत होते. "गॅलरीत चालतो. बारा पावलं होतात. घर झालं की क्रूसापर्यंत येणार बघ." डिसेंबरात पुन्हा बोलले, तेव्हा म्हणाले, "आता उभा राहतो. भिंत धरून." त्यानंतर फोनवर फक्त आंटीच असायच्या.

नव्या वर्षाचं कॅलेंडर लावायला बायकोने जुनं उतरवलं तेव्हा पाकीट खाली पडलं. तिने ते उघडलं, जमिनीवर बसून नकाशा पसरला आणि मला हाक मारली. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागच्या भिंतीला लागून एक लांबोडकी, चिंचोळी खोली. तिच्यावर फिटरच्या हाताने लिहिलं होतं, 'गणपतीचे बांबू'. पुढच्या बाजूला दारापासून क्रूसापर्यंत एक सरळ रेघ होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'पाईप, धरून चालायला'.

बायकोने नकाशाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. भांडली असती तर बरं झालं असतं. मला स्वतःची किळस आली, आणि ती आलीच पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी हरकत मागे घ्यायला मी ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांनी माझा अर्ज काढला, अक्षराची तारीफ केली आणि सांगितलं की ज्यांनी सह्या केल्या त्या सगळ्यांनी मागे घेतल्याचं लिहून द्यायला हवं. म्हणजे त्रेसष्ट सह्या परत. मी घरोघर निघालो. न वाचता सही करणारी तीच माणसं आता चष्मे शोधू लागली. एकाने कागद ठेवून घेतला, जावयाला दाखवतो म्हणाला, जावई दुबईला. एकाने विचारलं, भावना निगडित होत्या त्या आता कुठे गेल्या, तसं लिहायला नको का? बालपणवाल्या गृहस्थांनी तर माझ्यावर हॉलशी गद्दारी केल्याचा आरोप केला. अध्यक्षांना मी नकाशातली बांबूंची खोली दाखवली. त्यांनी तिच्यावर बोट फिरवून लांबी मोजली. मग म्हणाले, "मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो." आणि सही केली.

सगळ्या सह्या व्हायला शिमगा उजाडला. हरकत नसती तर पावसाआधी घर उभं राहिलं असतं. परवानगी येईपर्यंत पाऊस लागला, आणि ते उभं राहिलं नाताळच्या तोंडावर.

फादरनी घरावर पवित्र पाणी शिंपडलं. मंडळाने आपला कार्यक्रम त्यालाच जोडून घेतला आणि परवानगीसाठी केलेल्या अथक पाठपुराव्याबद्दल, हो, माझाच सत्कार केला. शाल, श्रीफळ. अध्यक्ष बोलले, टाळ्या झाल्या. माझ्या अंगावर शाल होती आणि मला खाली बघण्याखेरीज काही सुचत नव्हतं.

अंकलना मुलाने आणि दोघा-तिघांनी टॅक्सीतून उचलून चाकाच्या खुर्चीत ठेवलं होतं. पाय ब्लँकेटखाली होते, हलत नव्हते. मला बघून ते हसले, माझा हात दोन्ही हातांत घेतला. "तू होतास म्हणून झालं रे," म्हणाले. मग दारापासून क्रूसापर्यंत गेलेल्या पाईपकडे बोट केलं. "कमरेच्या मापाने घेतलाय. माझ्या." खुर्चीत बसल्यावर तो पाईप त्यांच्या छातीच्या उंचीला येत होता. आमच्या चाळीतल्या कोणीतरी त्याच्यावर टॉवेल वाळत टाकला होता. मी तो काढायला गेलो तर अंकल म्हणाले, "असू दे रे. ऊन आहे, वाळू दे."

निघताना आंटी दारापर्यंत आल्या. त्यांच्या हातात नव्या कुलपाची चावी होती.

"ही तुझ्याकडे राहू दे," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघं म्हातारे, कधी आत अडकलो तर. आणि मंडळाला बांबू लागतील."

मी हात पुढे केला नाही. "आंटी, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"नको सांगूस." त्यांनी चावी माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटली. "ऑफिसाने हरकतीची कॉपी आम्हाला पाठवली होती, पहिल्याच महिन्यात, मी तुला फोन केला त्याच्या आधी. माझ्याकडे हॉलबरोबर परत आलेलं जुनं बुकिंगचं रजिस्टर आहे, तुझ्या लग्नाचं पान तू भरलेलं. अक्षर अजून तसंच सुंदर आहे रे तुझं. अंकलना दाखवलं नाही मी."

मी घरी आलो, शाल खुर्चीवर टाकली आणि चावी त्याच खिळ्याला अडकवली. बायकोने विचारलं, "काय म्हणाल्या आंटी?"

"अक्षर चांगलं आहे म्हणाल्या," मी म्हटलं.