सतरा किलोमीटरचं वेळापत्रक

सदर इसम : पुरुष, विधुर, वय एकाहत्तर वर्षे दोन महिने. उंची बेताची, बांधा बेताचा, बोलणं त्याहून बेताचं. निवृत्तीपूर्वीचा हुद्दा : मुख्य वेळापत्रक लेखनिक, शहर बस सेवा. एकूण सेवा चौतीस वर्षे सात महिने. ओळखीची खूण : डाव्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याएवढा फिका डाग. प्रतिकूल शेरे : निरंक. अनुकूल शेरे : निरंक. वाहन चालवण्याचा परवाना : आहे, वैध. वाहन चालवण्याचा अनुभव : बाजारापर्यंत.

ऑफिसात त्यांना काटेसाहेब म्हणत. आडनाव काटे नव्हतं. पण घड्याळाचे दोन काटे आणि हा तिसरा, असं कोणा कंडक्टरनं एकदा म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. निवृत्तीच्या दिवशी भाषण करणाऱ्या वरिष्ठांनीही त्यांचा उल्लेख काटेसाहेब असाच केला. बहुधा त्यांना खरं आडनाव माहीत नसावं.

काम असं की शहरातली कुठली बस कुठून किती वाजता सुटेल, कुठल्या थांब्यावर किती वाजता असेल आणि शेवटच्या थांब्यावर किती मिनिटं उभी राहील, हे टेबलाशी बसून ठरवायचं. त्यांनी आयुष्यात बस चालवली नव्हती. त्यामुळे ड्रायव्हर लोक त्यांना उंटावरून शेळ्या हाकणारा म्हणत, तोंडावर नाही, पण तोंड फिरवलं की लगेच. काटेसाहेबांना ते ऐकू येई. शेळ्या वेळेवर पोचल्याशी कारण, असं त्यांचं मत होतं.

त्यांचा एकच सिद्धांत होता आणि तो ते प्रत्येक नव्या ड्रायव्हरला ऐकवत. उशीर हा अपघात आहे, लवकर हा गुन्हा आहे. उशिरा आलेली बस माणसाला मिळते तरी. वेळेआधी गेलेली बस मिळतच नाही. म्हणून गाडी लवकर पोचली तर अलीकडच्या थांब्यावर उभी करा, मिनिटं जिरवा, आणि वेळ झाली की पुढे व्हा. या सिद्धांतापायी त्यांनी कितीतरी ड्रायव्हरांना लेखी समज दिली होती. त्यातले बरेच जण त्यांना नंतर रस्त्यात भेटले तर पलीकडच्या फुटपाथवर जात.

बायको गेली त्याला सहा वर्षं झाली. ती असताना गाडी काढणं म्हणजे दोघांचं काम होतं. काटेसाहेब स्टिअरिंगचं चक्र धरत आणि ती शेजारी बसून "आता डावीकडे, अहो डावीकडे, जेवताना वापरता तो नाही, दुसरा हात" असं सांगत असे. ती गेल्यापासून गाडी बाजारापर्यंत जाई, कारण बाजार सरळ रस्त्यावर होता.

ताई राहायची उपनगरात, सतरा किलोमीटरवर. आई गेली तेव्हा काटेसाहेब नऊ वर्षांचे होते आणि ताई सतरा. तिनं त्यांची वेणीफणी सोडून बाकी सगळं केलं, आणि त्यासाठी स्वतःचं लग्न पाच वर्षं लांबवलं. याचा उल्लेख दोघांपैकी कोणी कधी केला नव्हता. दर रविवारी सकाळी दहाला फोन होई आणि त्यात एकदा भेटायला हवं, असं दोघंही म्हणत. सहा वर्षं म्हणत होते. सतरा किलोमीटर हे अंतर फार वाईट. जवळ म्हणून निघायची घाई नाही, लांब म्हणून निघायचं धाडस नाही.

मग भाचा आला. तो सात समुद्रांपलीकडे राहणारा, आईला कायमची न्यायला आलेला. घर विकलं, सामान वाटलं, शनिवारी दुपारचं विमान ठरलं. ताईचं वय एकोणऐंशी. ती परत येणार नव्हती, आणि काटेसाहेब तिकडे जातील असं मानायला ते बाजाराच्या पुढे गेलेले कोणी पाहिले नव्हते.

रविवारच्या फोनवर काटेसाहेब म्हणाले, "मी येतो शनिवारी."

"कसा?"

"गाडीनं."

"कोण चालवणार?"

"मीच."

"मग माझं जायचं रद्दच म्हण," ताई म्हणाली. "एवढं तिकीट काढलंय पोरानं, आणि तू मला इथंच सुतकात बसवणार."

मागून भाच्याचा आवाज आला. "मामा, टॅक्सी पाठवतो ना."

"टॅक्सी नको. वेळ सांग."

"बाराला निघायचंय आम्हाला. तुम्ही अकराला या. तासभर बसू."

"अकराला," काटेसाहेब म्हणाले आणि लिहून घेतलं.

"लिहून काय घेतोयस, मेल्या?" ताई म्हणाली. कागदाचा आवाज तिला फोनवरूनही कळला होता. "ये म्हणजे झालं."

पण ये म्हणजे होत नसतं. सोमवारी काटेसाहेबांनी जेवणाचं टेबल मोकळं केलं, पट्टी घेतली, आणि सतरा किलोमीटरचे सहा टप्पे पाडले : पेट्रोल पंप, पाण्याची टाकी, उड्डाणपूल, रेल्वे फाटक, शाळा, ताईची गल्ली. प्रत्येकापुढे मिनिटं. टेबलावर दुसरं काही नव्हतंच. मोकळं करायचं म्हणजे एक मिठाची बाटली उचलायची. ती त्यांनी खिडकीत ठेवली आणि रात्री जेवताना आमटी अळणी का लागते याचा थोडा वेळ विचार केला.

मंगळवारी तळमजल्यावरचा बारानंबर वर आला. तो निवृत्त ड्रायव्हर. बावीस वर्षं बारा नंबरची बस चालवली, म्हणून बारानंबर. त्यानं कागद हातात धरला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"साहेब, बहिणीकडं चाललाय का लढाईवर?"

"रेल्वे फाटकाला सात मिनिटं धरलीत. कमी होतील?"

"उघडं असलं तर शून्य. बंद असलं तर देव जाणे. तुम्ही असंच करायचात. आम्ही फाटकाशी अडकलो की तुमचा कागद वाचून हसायचो."

"मग हातचं राखून ठेवायला हवं."

"चावी द्या. मी नेतो तुम्हाला. गप बसा मागं, गादीवर."

काटेसाहेबांनी कागद परत घेतला. बारानंबर माणूस चांगला, पण बोलका. ताईकडच्या त्या एका तासात तोच बोलला असता. "नको," ते म्हणाले. "मी आधी एक चाचणी फेरी करतो."

ही खात्याची रीत होती. नवा मार्ग सुरू करण्याआधी एक रिकामी बस पाठवायची, घड्याळ लावून. त्या फेरीत प्रवासी घ्यायचे नाहीत, दार उघडायचं नाही, फक्त मिनिटं मोजायची.

बुधवारी सकाळी नऊ पन्नासला काटेसाहेब निघाले. पहिल्या टप्प्यापर्यंत दोन्ही हातांनी चक्र आवळून धरलं होतं. पेट्रोल पंपावरच्या माणसानं त्यांना पाहून नळी पुढे केली, त्याला नको म्हणून खुणावायलाही हात सुटेना. टाकीशी डावीकडे वळायचं होतं. ते वळले, बरोबर डावीकडे, आणि शेजारच्या सीटकडे एकदा पाहिलं. उड्डाणपुलावर मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले. फाटक बंद होतं, नऊ मिनिटं. शाळा ओलांडली. गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा बावन्न मिनिटं झाली होती.

गल्लीतून ताईची इमारत दिसत होती. दुसऱ्या मजल्यावर ताई बाल्कनीत उभी होती, दोरीवरचे कपडे काढत. ती होती त्याहून खूप लहान दिसत होती. तिनं एक टॉवेल काढला, झटकला, घडी केली, मग काय वाटलं कोण जाणे, घडी मोडून पुन्हा झटकला. चिमटे एकेक करून तोंडात धरले होते, लहानपणी धरायची तसेच. काटेसाहेब काच खाली न करता पाहत राहिले. वर जायला चाळीस पायऱ्या असतील. हाक मारली असती तरी पोचली असती.

चार मिनिटं झाली. शेवटच्या थांब्यावर चारच मिनिटं धरलेली होती. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं आपण पाहतो. हा गृहस्थ ताकाच्या दारापर्यंत गेला आणि ताकाची वेळ शनिवारी आहे म्हणून परत फिरला. येताना फाटक पुन्हा बंद होतं. तीही नोंद झाली.

बावन्न मिनिटं आणि हातची अठरा, अशी सत्तर. शनिवारी नऊ पन्नासला निघायचं. काटेसाहेबांनी सदरा इस्त्रीचा घातला. गाडीत बसल्यावर मोबाईल बंद करून पिशवीत टाकला आणि पिशवी मागच्या सीटवर. फेरी चालू असताना फोन नाही, हा नियम त्यांनी स्वतः छापून प्रत्येक डेपोत लावला होता.

त्या दिवशी सगळंच विपरीत घडलं. सिग्नल हिरवे. पुलावर कोणी नाही. फाटक सताड उघडं, आणि फाटकवाला स्टुलावर बसून दात कोरत होता. शाळेला सुट्टी. काटेसाहेब गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा दहा एकतीस झाले होते. एकोणतीस मिनिटं आधी.

आता सरळ वर जायचं की नाही? दुसरा कोणीही गेला असता. काटेसाहेबांनी गाडी बाजूला घेतली, भिंतीला लागून, आणि इंजिन बंद केलं. वर बांधाबांध चालली असेल. ताई आंघोळीला गेली असेल. अकरा म्हटलंय, ते लोक अकराच्या हिशेबानं आवरत असतील. आपण अर्धा तास आधी दारात उभं राहून त्यांची धांदल करायची, हा गुन्हाच. त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि प्रत्येक टप्प्यापुढे खरी मिनिटं लिहायला सुरुवात केली. मग ताईला पहिलं वाक्य काय बोलायचं याचा विचार केला. "कशी आहेस" हे बरं नव्हतं, कारण ती कशी आहे हे बुधवारी पाहिलं होतं. "रस्ता रिकामा होता" हे बरं होतं. तिला हसू आलं असतं.

दहा त्रेचाळीसला एक करडी गाडी शेजारून गेली. गल्लीच्या मानानं वेग जास्त होता, एवढं त्यांनी मनात नोंदवलं. मान वर केली नाही. फाटकाच्या रकान्यात शून्य लिहीत होते.

अकराला एक मिनिट कमी असताना ते जिना चढले. अकराला बेल वाजवली. दार समोरचं उघडलं.

"मामा ना तुम्ही?" शेजारीण म्हणाली. तिच्या हातात ताईच्या घराची किल्ली होती. "अगदी अकरा. त्या म्हणाल्याच होत्या, हा आला की घड्याळ लावून घ्या. अहो, पण ते गेले. तुम्हाला फोनवर फोन लावत होते."

"गेले म्हणजे?"

"गाडीवाला लवकर आला. म्हणाला, हमरस्त्यावर ट्रक उलटलाय, आत्ता निघालात तर पोचाल. मुलगा घाबरला. त्या काही निघेनात. चपला घालून पुन्हा आत जाऊन बसल्या. शेवटी त्यानं हाताला धरून नेलं."

शेजारणीनं दार उघडून दिलं, बसा थोडं म्हणाली, पण बसायला आत काही ठेवलेलं नव्हतं. भिंतीवर कपाटाच्या आकाराचा पांढरा चौकोन होता. ते त्या चौकोनापाशी उभे राहिले आणि मोबाईल सुरू केला. अकरा निरोप आले, पाठोपाठ फोनही आला.

"छोट्या," ताई म्हणाली. "तू गल्लीत होतास ना रे?"

"हो."

"भिंतीला लागून, खाली मान घालून. मी म्हटलं याला, थांबव, मामा आहे. तर हा म्हणतो, आई, मामा अकराला येणारेत, म्हणजे अकरालाच. पावणेअकराला ते असतील कसे? मलाही पटलं बघ."

"बरोबर आहे त्याचं," काटेसाहेब म्हणाले.

"डोंबलाचं बरोबर," ताई म्हणाली. "सदरा इस्त्रीचा होता."

"हो."

"कॉलर वर राहिली होती मागं."

त्यांनी हात मागे नेला आणि कॉलर खाली केली.

"रस्ता रिकामा होता," ते म्हणाले. ताई हसली नाही. मग भाच्यानं फोन घेतला. "मामा, सॉरी, खरंच सॉरी. पोचलो की लगेच आत जावं लागेल, आत सोडत नाहीत कोणाला. तुम्ही कशाला येता आता एवढ्या लांब."

शेजारीण दारातून ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "जा की विमानतळावर. गाडी आहे ना खाली? आत जायच्या आधी गाठाल. फार तर दीड तास."

"तो मार्ग काढलेला नाही," काटेसाहेब म्हणाले.

तिला ते कळलं नाही. तिनं पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी पेला धुवायला नळ शोधला, मग तो तिचा आहे हे लक्षात येऊन तिच्या हातात दिला, जिना उतरले, आणि शाळा, फाटक, पूल, टाकी, पंप या क्रमानं घरी आले.

विमान त्या दिवशी साडेचार तास उशिरा सुटलं.